ॲक्सिलरेटरमध्ये ‘लागला’ म्हणजे काय झालं?

आमच्या कंपनीची एका स्टार्टअप ॲक्सिलरेटरमध्ये निवड झाली त्या संध्याकाळी बडोद्यातल्या दांडिया बाजारात आत्याच्या घरी पेढे आले. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हा लागला बरं का." कुठे लागला ते तिला नीट सांगता येईना. शेजारचे काका पेढा हातात धरून म्हणाले, "नोकरी का?" नाही. "मग कोर्स असणार. फी किती?" फी नाही काका, उलट तेच आम्हाला पैसे देणार आहेत. काका जरा थांबले. त्यांचा सगळा जन्म बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेलेला. म्हणाले, "मग तू त्यांना काय देणार आहेस?"

त्या महिन्यात माझं अभिनंदन करणारे पुष्कळ भेटले. हा प्रश्न विचारणारे काका एकटेच. तेव्हा मी गुळमुळीत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता त्या सगळ्यातून जाऊन आल्यावर नीट सांगता येईल असं वाटतं. बडोद्यात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या तोंडी हा शब्द सारखा असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही. हे दोघांसाठीही लिहितोय.

आधी शब्द. स्टार्टअप म्हणजे अशी नवी कंपनी, जिला आपला माल कोण घेणार, किती जण घेणार, हेच अजून पक्कं ठाऊक नसतं. ॲक्सिलरेटर अशा दहा-वीस किंवा शेकडो कंपन्या अर्जांमधून निवडतो आणि ठरावीक मुदतीसाठी, बहुधा तीन महिने, एकत्र घेतो. थोडे पैसे देतो, अनुभवी माणसांशी गाठ घालून देतो, दर आठवड्याला कामाचा हिशेब मागतो आणि शेवटी एका दिवशी गुंतवणूकदारांसमोर उभं करतो. या सगळ्याच्या बदल्यात कंपनीतला छोटा हिस्सा घेतो. काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे. आम्ही त्यांना कंपनीचा तुकडा दिला, कायमचा.

इन्क्युबेटर हा शब्दही याच्याच जोडीने कानावर पडतो, पण तो वेगळा. इन्क्युबेटर म्हणजे उबवणी. १९५९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात बंद पडलेल्या एका मोठ्या कारखान्याची इमारत जोसेफ मॅनकुसो यांनी तुकड्या-तुकड्यांनी छोट्या धंद्यांना भाड्याने दिली. भाडेकरूंमध्ये एक कोंबड्यांची पिल्लं उबवणारा होता, त्यावरून हे नाव रूढ झालं असं सांगतात. इन्क्युबेटर जागा देतो, प्रयोगशाळा देतो, वर्ष-दोन वर्षं सांभाळतो. तिथे घाई नसते. तो बहुतेक वेळा एखाद्या विद्यापीठाचा किंवा सरकारी मदतीवर चालणारा असतो. अहमदाबादला आयआयएमचं सीआयआयई आहे, आयक्रिएट आहे. आपल्या गावाला ही कल्पना तशी नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, तेव्हा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती ती दिली. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी मिळून अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली. शिकवणारा माणूस, त्याची प्रयोगशाळा आणि पाठीशी कर्ती माणसं, यांतून कारखाना निघतो हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे.

ॲक्सिलरेटरची सुरुवात मात्र २००५ ची. पॉल ग्रॅहॅम, जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल या चौघांनी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये वाय कॉम्बिनेटर सुरू केलं आणि त्या उन्हाळ्यात आठ कंपन्यांना एकदम घेतलं. त्यांतली एक रेडिट. तोवर गुंतवणूकदार एकेक कंपनी पारखून, महिनोन् महिने चर्चा करून मोठी रक्कम घालायचे. या चौघांनी रक्कम लहान केली आणि एकेका पाहुण्याला वेगळं ताट वाढण्याऐवजी पंगत बसवली. जो सल्ला एकाला द्यायचा तो सगळ्यांना एकदम देता येतो. एकाची अडचण दुसऱ्याने महिन्यापूर्वीच सोडवलेली असते. आणि शेजारच्या पानावरचा झपाट्याने जेवतोय हे दिसलं की आपलाही हात भराभर चालतो. पंगतीचा हा शेवटचा गुण सगळ्यांत मोठा, हे मी अनुभवाने सांगतो. पुढच्या एक-दोन वर्षांत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी टेकस्टार्स निघालं, मग ही पद्धत जगभर पसरली.

मान कशाचा

यात निवड होण्याला एवढा मान का, हे सोन्यावरून सांगतो. बांगडी विकत घेताना आपल्याला सोनं तपासता येत नाही, म्हणून आपण हॉलमार्क बघतो. ९१६ दिसलं की बावीस कॅरेट. गुंतवणूकदाराचीही तीच अडचण असते. समोर दोन पोरं बसलेली, कंपनी सहा महिन्यांची, विक्री नावापुरती. तपासायचं काय? म्हणून तो शिक्का शोधतो. आधी कुणी यांना निवडलंय का? ज्याने निवडलं तो कडक आहे का? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल हेच मांडलं. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो मिळवायला अवघड अशी खूण पाहतो आणि ती खूण अवघड असते म्हणूनच तिला किंमत येते. त्या कामासाठी स्पेन्स यांना २००१ चं नोबेल विभागून मिळालं.

वाय कॉम्बिनेटरमध्ये शंभर अर्जांमागे एखाद-दुसराच निवडला जातो. ड्रॉपबॉक्स, एअरबीएनबी, स्ट्राइप तिथून निघाल्या. आपल्याकडच्या रेझरपे, मीशो, ग्रो, झेप्टो याही तिथल्याच. एवढी नावं एका दारातून बाहेर पडली की पुढच्या प्रत्येकाला त्या दाराचाच मान मिळतो.

पण हॉलमार्क आणि या शिक्क्यात एक फरक आहे आणि पोरं तो विसरतात. हॉलमार्क लावण्याआधी सोन्याची खरोखर चाचणी होते. इथे चाचणी म्हणजे एक अर्ज, एखादा मिनिटभराचा व्हिडिओ आणि मुलाखत. वाय कॉम्बिनेटरची ती प्रसिद्ध मुलाखत दहा मिनिटांची असते. दहा मिनिटांत धंद्याची पारख होत नाही, माणसाची थोडीफार होते. एअरबीएनबीची गोष्ट यासाठीच सांगतात. २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत तिच्या तिघा संस्थापकांनी पैसे संपल्यावर ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाने नाश्त्याच्या सीरियलचे खोके बनवून चाळीस-चाळीस डॉलरला विकले. परक्या माणसाला घरात झोपायला देण्याची कल्पना ग्रॅहॅम यांना पटली नव्हती. खोके विकून तग धरणारी माणसं पटली.

म्हणजे या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की काही जाणत्या माणसांना ही मंडळी चिवट वाटली. धंदा चालेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. आमच्या बॅचमधल्या अर्ध्याअधिक कंपन्या आज बंद आहेत आणि त्या सगळ्यांच्या फाटकावर तोच शिक्का होता.

आतलं

आमचं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शेकडो लहान युनिट आहेत. एखादा शाफ्ट एका शेडमध्ये टर्निंग होतो, दुसऱ्या शेडमध्ये हीट ट्रीटमेंटला जातो, तिसरीकडे ग्राइंडिंगला, चौथीकडे हार्ड क्रोम प्लेटिंगला. याला जॉबवर्क म्हणतात. माल बाहेर जातो तो कर न भरता, नुसत्या चलनावर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो वर्षभरात परत आला पाहिजे. नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, आणि कर व्याजासकट अंगावर येतो. आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि टेक्नॉलॉजी फॅकल्टीत माझ्याबरोबर शिकलेली माझी भागीदार, यासाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. चौदा स्क्रीन होते त्यात. आम्हाला त्याचा फार अभिमान होता.

ॲक्सिलरेटर दुसऱ्या शहरात होता. सोमवारी तिथे जायचं, गुरुवारी रात्री बडोद्याला परत. पहिल्याच सोमवारी सगळ्या बॅचला गोल बसवून एक प्रश्न विचारला गेला. गेल्या आठवड्यात किती जणांनी पैसे दिले? आमचा आकडा शून्य होता. कुणी रागावलं नाही, नुसता फळ्यावर शून्य लिहिला. पुढच्या सोमवारी परत तोच प्रश्न येणार हे कळलं होतं. त्या फळ्याने जे करून घेतलं ते वर्षभरात आमच्याकडून झालं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, वीस गिऱ्हाइकांना भेटा आणि तुमचं सॉफ्टवेअर दाखवू नका, ते काय करतात ते नुसतं बघा. शुक्रवारी सकाळी मी मकरपुऱ्यातल्या एका शेडमध्ये गेलो. दोन लेथ, एक मिलिंग, कोपऱ्यात देवाचा फोटो आणि कॅलेंडरच्या बाजूला भिंतीच्या खिळ्याला वाकवलेली तार. तारेत चलनं ओवलेली, गुलाबी, पिवळी, कडा ऑइलने काळ्या पडलेल्या. शेठना प्लेटिंगला पाठवलेल्या साठ शाफ्टचा फोन आला होता. त्यांनी तार खाली काढली, चलनं एकेक करून उलटी ओढली, चष्मा वर केला, परत शोधली. मी घड्याळ पाहत होतो. अकरा मिनिटं गेली. चलन सापडलं, पण ते पंचेचाळीसचं निघालं. उरलेले पंधरा शाफ्ट कुठे, हे कुणालाच सांगता येईना. मी न राहवून म्हटलं, आमचं ॲप आहे. ते म्हणाले, "भाई, ॲप नथी जोईतुं. मने खाली एटलुं कहो के मारो माल कोनी पासे छे." ॲप नको, माझा माल कुणाकडे आहे तेवढं सांग.

त्या रात्री आम्ही चौदापैकी बारा स्क्रीन काढून टाकले. उरलं ते इतकंच: माल जाताना चलनाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि शनिवारी संध्याकाळी एक मेसेज येणार. कुणाकडे किती नग, किती दिवस झाले. पुढच्या सोमवारी फळ्यावर आमच्या नावापुढे तीन लिहिले गेले. तो तीन पाहून जो आनंद झाला, तो निवडीच्या पत्राने झाला नव्हता.

मेंटॉर, म्हणजे सल्ला देणारी अनुभवी माणसं, त्यांचं कौतुक फार होतं. खरं चित्र मिश्र आहे. एका आठवड्यात आम्हाला एकाने सांगितलं महिन्याला पाचशे रुपये घ्या, दुसऱ्याने सांगितलं वर्षाचे पाच हजार एकदम घ्या, तिसऱ्याने सांगितलं वर्षभर फुकट द्या. तिघंही हुशार, तिघंही मनापासून बोलत होते. पहिले दोन आठवडे आम्ही प्रत्येकाचं ऐकून दर वेळी दिशा बदलली आणि थकलो. मग एक कसोटी लावली. या माणसाने आमच्यासारख्या गिऱ्हाइकाला कधी काही विकलंय का? त्यात एकच जण बसले. मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, "लहान शेडवाल्याचं पेमेंट अडकतं ते चलन जुळत नाही म्हणून. तुम्ही कर वाचवायची भाषा बोलू नका, पेमेंट लवकर मिळेल म्हणा." त्यांचा तो एक तास बाकी सगळ्या सल्ल्यापेक्षा मोलाचा ठरला.

आणखी एक गोष्ट निवडीच्या बातम्यांत कधी येत नाही. सातव्या आठवड्यात आमच्या बॅचमधली एक कंपनी फुटली. दोन जुने मित्र, शाळेपासूनचे. दर सोमवारी आकडा हलेना, तसे ते एकमेकांकडे बघायचे बंद झाले. एक दिवस त्यांच्यातला एकच आला. या सगळ्या वेगाचा ताण भागीदारीवर सगळ्यांत आधी पडतो. अर्जातच विचारतात, तुम्ही एकमेकांना किती वर्षं ओळखता, आधी एकत्र काय काम केलंय. तो प्रश्न पाहुणचाराचा वाटतो, तसा तो नसतो.

शेवटी डेमो डे. तीन मिनिटं, सात-आठ स्लाइड, समोर गुंतवणूकदार. या दिवसाचं खरं काम काय, हे मला फार उशिरा कळलं. एरवी गुंतवणूकदाराला थांबण्यात काहीच तोटा नसतो. तो म्हणतो, "छान आहे, संपर्कात राहू," आणि सहा महिने तुमचे आकडे बघत बसतो. डेमो डेला पुष्कळ गुंतवणूकदार एकाच दिवशी एकच कंपनी बघतात. आपण थांबलो तर दुसरा नेईल, ही भीती प्रत्येकाला वाटते. मोठ्या ॲक्सिलरेटरचा मान शेवटी पैशात उतरतो तो इथे. लहान ॲक्सिलरेटरमध्ये गर्दीच नसते, म्हणून घाईही नसते. कार्यक्रम तोच, स्लाइड त्याच, टाळ्या त्याच.

आमच्या बाबतीत दोन महिने फोन चालले. एका गुंतवणूकदाराने तोंडी होकार दिला. त्या भरवशावर आम्ही दोघांना कामावर घेतलं. मग तिकडून उत्तरं येणं थांबलं. तीन महिन्यांनी त्यांतल्या एका मुलाला समोर बसवून सांगावं लागलं की पगार देता येणार नाही. तो काही बोलला नाही, लॅपटॉपचा चार्जर गुंडाळून टेबलावर ठेवून गेला. सही झालेला कागद आणि बँकेत आलेला पैसा, याखेरीज होकार म्हणजे होकार नव्हे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तुकड्याची किंमत

आता काकांच्या प्रश्नाचा हिशेब. आकडे सोपे घेतो, आमचे नाहीत. समजा दोन भागीदार निम्मे-निम्मे आहेत. ॲक्सिलरेटर २५ लाख देतो आणि ८ टक्के घेतो. ८ टक्क्यांची किंमत २५ लाख, तर सगळ्या कंपनीची किंमत ३ कोटी साडेबारा लाख धरली गेली. भागीदारांकडे उरले प्रत्येकी ४६ टक्के. पुढे एक गुंतवणूकदार २ कोटी घालून २० टक्के घेतो. सगळ्यांचा वाटा एक पंचमांशाने आकसतो. भागीदार ३६.८ टक्क्यांवर, ॲक्सिलरेटर ६.४ वर. कंपनीची किंमत कागदावर १० कोटी झाली आणि घरी पेढे वाटले.

दोन वर्षांनी कंपनी २० कोटींना विकली गेली, तर गुंतवणूकदाराला ४ कोटी, ॲक्सिलरेटरला १ कोटी २८ लाख आणि प्रत्येक भागीदाराला ७ कोटी ३६ लाख. सगळे खुश. पण ती २ कोटींनाच विकली गेली तर? टक्केवारीने पाहिलं तर भागीदाराला साधारण ७४ लाख मिळायला हवेत. प्रत्यक्षात शून्य मिळू शकतात. कारण पैसे घालणाऱ्यांच्या शेअरना सहसा अग्रहक्क असतो. कंपनी विकली की ज्यांनी पैसे घातले त्यांची मूळ रक्कम आधी, उरलं तर बाकीच्यांना. इथे २ कोटी आणि २५ लाख मिळून सव्वादोन कोटींचा हक्क आधी उभा आहे आणि हातात आलेत २ कोटी. हे अन्यायाचं आहे असं मी म्हणत नाही. ज्याने रोख पैसा घातला त्याने संरक्षण मागणं स्वाभाविक आहे. पण सही करणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं आणि बावीस वर्षांच्या मुलाला ते बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

वाय कॉम्बिनेटरचा सौदा जाहीर आहे, म्हणून तो उदाहरणाला बरा. २०२२ पासून ते एकूण ५ लाख डॉलर देतात. त्यांपैकी १ लाख २५ हजार डॉलरना ७ टक्के. उरलेले ३ लाख ७५ हजार डॉलर अशा अटीवर, की पुढचा गुंतवणूकदार जी सगळ्यांत चांगली अट मिळवेल तीच आम्हालाही लागू. म्हणजे पुढच्याने कंपनीची किंमत १ कोटी डॉलर धरली, तर त्या दुसऱ्या रकमेपोटी आणखी पावणेचार टक्के जातात. ‘सात टक्के’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण प्रत्यक्षात जातात त्याहून जास्त. त्यांच्या नावाने मिळणारी पुढची किंमत पाहता पुष्कळांना हा सौदा परवडतो. अनोळखी ॲक्सिलरेटरने तेवढेच टक्के मागितले तर तेच गणित बसत नाही, कारण टक्के तेच असले तरी डेमो डेची गर्दी तिथे येत नाही.

असा सौदा ज्या कागदावर होतो त्याचं नाव सेफ. २०१३ मध्ये वाय कॉम्बिनेटरनेच तो काढला. आज पैसे घ्या, शेअर गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत ठरतील, व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही. भारतात कंपनी कायद्यात तो तसाच बसत नाही, म्हणून इथे २०१९ मध्ये हंड्रेडएक्स डॉट व्हीसी या गुंतवणूक संस्थेने आयसेफ आणला. त्यात हाच करार प्रेफरन्स, म्हणजे अग्रहक्काच्या, शेअरच्या रूपात केला जातो, जे पुढे साध्या शेअरमध्ये सक्तीने रूपांतरित होतात. मसुदा दोन-चार पानांचा असतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तो सीएला दाखवा.

परदेशी ॲक्सिलरेटरचा एक खर्च अगदी शेवटी समोर येतो. ते बहुधा सांगतात की मूळ कंपनी अमेरिकेत किंवा सिंगापूरसारख्या देशात हवी. मग भारतातली कंपनी तिची पोटकंपनी होते. पुढे भारतात शेअर बाजारात उतरायचं ठरलं की सगळं परत आणावं लागतं. ग्रो कंपनीने २०२४ मध्ये अमेरिकेतून परत येताना सुमारे १,३४० कोटी रुपये कर भरला. आपल्या गावातली एखादी कंपनी तेवढी मोठी होवो, पण हा विचार पहिल्या सहीच्या वेळीच करायचा असतो.

सगळ्यांनी या वाटेने जायलाच हवं असंही नाही. सॉफ्टवेअरमधली झोहो आणि शेअर दलालीतली झिरोधा बाहेरचं भांडवल न घेता मोठ्या झाल्या. मकरपुऱ्यात उद्या प्लेटिंगचं युनिट काढणाऱ्याला ॲक्सिलरेटरचा काही उपयोग नाही. त्याला बँकेचं कर्ज आणि एक चांगला केमिस्ट हवा. ज्याचं उत्पादन तयार व्हायलाच तीन वर्षं लागणार, औषध किंवा नवा धातू, त्याला तीन महिन्यांच्या शर्यतीत घालणं चुकीचं. त्याला उबवणीच हवी. अशांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये चार वर्षांसाठी ९४५ कोटींची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आणली. ती मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फतच चालवायची होती. तिच्यात कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकत होतं आणि त्यात हिस्सा जात नव्हता.

आणि जो ॲक्सिलरेटर तुमच्याकडूनच फी मागतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. ज्याने तुमच्यात पैसा घातला, त्याला तुम्ही बुडालात तर झळ बसते. ज्याने फी घेतली त्याचं काम पहिल्याच दिवशी झालेलं असतं. नाव कितीही मोठं वाटो, त्याच्या मागच्या बॅचमधल्या तिघांना फोन करा, त्यांतली एक कंपनी बंद पडलेली असू द्या. बंद पडलेलीच सगळ्यांत खरं सांगते.

दोन महिन्यांपूर्वी रावपुऱ्यातला एक मुलगा ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे आला. ९ टक्के, ३० लाख. मी त्याला घेऊन आत्याच्या शेजारच्या काकांकडे गेलो. काकांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, अकरा पानं वाचायला पाऊण तास घेतला. इंग्रजी कायद्याची भाषा होती, पण कर्जाचे कागद वाचलेल्या माणसाला ती परकी नसते. सातव्या पानावर पेन्सिल थांबली. "हे ३० लाख एकदम येणार की हप्त्यांनी? आणि ९ टक्के एकदम जाणार की हप्त्यांनी?"

मुलाने पान परत वाचलं. पैसे तीन हप्त्यांत होते, शेअर पहिल्याच दिवशी. तो उठून गॅलरीत गेला आणि त्याने तिथूनच त्या संस्थेला फोन लावला.